ऑल जपान प्रो रेसलिंग: मालकी बदलली की पैलवान का जातात?

ऑल जपान ही जपानमधली व्यावसायिक, म्हणजे निकाल आधी ठरणाऱ्या मनोरंजनाच्या कुस्त्यांची संस्था. ती टिकणार का, हा प्रश्न जपानी कुस्तीच्या चाहत्यांना नवा नाही. दर दहा-बारा वर्षांनी तो उठतो, आणि बहुतेक वेळा त्याचे मूळ कंपनीच्या मालकीत सापडते. संस्थेच्या कुस्तीत मात्र या काळात क्वचितच खोट निघाली.

शोहेइ 'जायंट' बाबा यांनी ऑक्टोबर 1972 मध्ये संस्था उभी केली. एक बडी टीव्ही वाहिनी पहिल्यापासून पाठीशी होती. 18 एप्रिल 1989 रोजी जंबो त्सुरुता यांनी तीन वेगवेगळी विजेतेपदे एकत्र केली. 'ट्रिपल क्राउन' म्हणतात तो हा किताब. पुढच्याच वर्षी गेनिचिरो तेन्र्यू काही सहकाऱ्यांसह बाहेर पडले. त्या पोकळीतून मिसावा, कावादा, कोबाशी आणि ताउए ही पैलवानांची चौकडी पुढे आली आणि नव्वदच्या दशकात बुदोकानसारखे मोठे सभागृह पुन्हा पुन्हा भरू लागले.

31 जानेवारी 1999 रोजी बाबा गेले. मित्सुहारू मिसावा अध्यक्ष झाले, पण बहुतेक शेअर्स बाबांच्या पत्नी मोतोको यांच्याकडे राहिले. मिसावांना कारभार बदलायचा होता. मोतोकोंना नवऱ्याने घालून दिलेली घडी मोडायची नव्हती. मे 2000 मध्ये मिसावांचे अध्यक्षपद गेले. जूनमध्ये त्यांनी संस्था सोडली, आणि त्यांच्यामागोमाग दोन वगळता सगळे जपानी पैलवान निघून गेले. ऑगस्टमध्ये त्यांची 'नोआ' ही नवी संस्था सुरू झाली. वाहिनीही तिकडेच वळली.

या निर्णयावर आजही चाहत्यांचे एकमत नाही. मिसावांची बाजू घेणारे म्हणतात की ज्याच्या हातात अधिकार नाहीत, त्याने नुसत्या खुर्चीवर का बसून राहायचे? म्हणणे रास्त आहे. पण नोआचे कौतुक करताना मागे राहिलेल्या तोशिआकी कावादा आणि मासानोबु फुची यांचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, तो अन्याय आहे. ऑगस्टमध्ये 46 वर्षांचे फुची एकटेच टोकियोतल्या र्‍योगोकू सभागृहात गेले, न्यू जपानच्या, म्हणजे तीन दशकांच्या प्रतिस्पर्ध्याच्या रिंगणात उभे राहिले आणि भरल्या सभागृहासमोर आव्हान देऊन आले. 9 ऑक्टोबरला टोकियो डोममध्ये कावादांनी न्यू जपानचा तत्कालीन विजेता केनसुके सासाकी याला हरवले. तेन्र्यू तर दहा वर्षांपूर्वीचे भांडण विसरून परतले होते. पैलवानच उरले नव्हते, अशा वेळी संस्थेचे नाव या तिघांनी जिवंत ठेवले. माझ्या मते 2000 ची खरी गोष्ट हीच आहे.

2002 मध्ये न्यू जपान सोडून आलेल्या केइजी मुतो यांनी लवकरच सूत्रे हाती घेतली. ती दहा वर्षे बऱ्यापैकी स्थिर गेली. 2012 च्या अखेरीस कंपनी एका गुंतवणूकदाराकडे गेली. निकाल आधी ठरणाऱ्या कुस्त्यांऐवजी खऱ्या झुंजी हव्यात, असे नव्या मालकाने जाहीरपणे सुचवले. आपला धंदा कसा चालतो हेच मालकाला कळत नाही, असे पैलवानांना वाटले तर त्यात नवल नाही. 2013 च्या उन्हाळ्यात मुतो गेले, त्यांच्याबरोबर बरेच जण गेले आणि 'रेसल-वन' ही नवी संस्था निघाली. ती 2020 मध्ये बंद पडली.

या वेळी संस्था सावरली ती जुन अकियामा यांच्यामुळे. 2000 मध्ये मिसावांबरोबर गेलेले अकियामा जानेवारी 2013 मध्ये नोआ सोडून चार सहकाऱ्यांसह परतले होते. त्याच वर्षी ट्रिपल क्राउनचे तीन जुने पट्टे मोतोकोंकडे परत गेले. तोवर विजेता तीन अवजड पट्टे अंगाखांद्यावर वागवत रिंगणात यायचा. त्यांच्या जागी एकच नवा पट्टा आला. 2014 मध्ये अकियामांच्या अध्यक्षतेखाली नवी कंपनी स्थापन झाली. नाव तेच ठेवले, हिशेब मात्र नवे.

संस्थेचा आघाडीचा मल्ल केंतो मियाहारा याच काळात घडला. सप्टेंबर 2022 मध्ये संस्थेने सुवर्णमहोत्सवासाठी 18 वर्षांनी बुदोकान घेतले. पण वर्ष संपता संपता जेक लीसारखा आघाडीचा पैलवान बाहेर पडला आणि 1 जानेवारी 2023 ला नोआच्या रिंगणात दिसला. फेब्रुवारीत न्यू जपानच्या युजी नागाता यांनी वयाच्या 54 व्या वर्षी ट्रिपल क्राउन जिंकला. नोव्हेंबरमध्ये तो नोआ सोडून आलेल्या कात्सुहिको नाकाजिमाकडे गेला. एकाच वर्षात किताब दोनदा बाहेरच्या माणसाकडे जावा, ही मुख्य किताबावर हक्क सांगणारे घरचे मल्ल कमी पडत असल्याची खूण आहे.

30 मार्च 2024 रोजी युमा आनझाई हा 24 वर्षांचा मुलगा नाकाजिमाला हरवून या किताबाचा आजवरचा सर्वांत तरुण मानकरी ठरला. तो ऑल जपानमध्येच घडलेला. पण त्याच सुमारास आणखी काही अनुभवी पैलवानांनी संस्था सोडली. आनझाईच्या पिढीला चांगले करार आणि स्थिर मालक मिळाला तर ती इथे थांबेल. नोआच्या पाठीशी 2020 पासून एक मोठी इंटरनेट कंपनी आहे, त्यामुळे तिकडची वाट या मुलांना कायमच मोकळी आहे.