पाण्याला धरून फेकलेली लाइन

स्कॉटलंडच्या ईशान्य भागातली स्पे नदी उगमापासून समुद्रापर्यंत साधारण १७० किलोमीटर वाहते. पाणी जोरकस, पात्र रुंद, आणि कित्येक ठिकाणी काठावरची झाडी थेट पाण्यावर झुकलेली. फ्लाय फिशिंगच्या नेहमीच्या पद्धतीत लाइन आधी मागच्या बाजूला हवेत पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे फेकायची. स्पेच्या काठावर तसं केलं की फ्लाय, म्हणजे पिसं नि दोरा बांधून केलेली नकली माशी, थेट फांदीत अडकते. म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथल्या सॅमन पकडणाऱ्यांनी लाइन मागे पूर्ण न नेताच पुढे फेकण्याची रीत बसवली. तीच स्पे कास्टिंग. तेव्हाचे रॉड ग्रीनहार्ट नावाच्या जड दक्षिण अमेरिकी लाकडाचे असत आणि १८ फुटांच्याही पुढे जात. आजचे कार्बन फायबरचे रॉड बहुधा १२ ते १५ फुटी असतात. वजन घटलं, पण दोन हात अजून लागतातच.

एरवी मासेमारीत गळाजवळचं वजन पुढे झेपावतं आणि दोरी त्याच्यामागून ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये सगळं उलट. फ्लायला म्हणावं असं वजनच नसतं, वजन असतं लाइनला. दोन हातांच्या रॉडवरच्या लाइनचा जाड पुढचा भाग ३०–४० ग्रॅमचा असतो. आपण खरं तर ती लाइन फेकत असतो, फ्लाय नुसती तिच्यासोबत जाते.

आता मागे जागा नसताना ही लाइन फेकायची कशी? तिचा मधला भाग रॉडच्या टोकामागे इंग्रजी डी अक्षरासारखा फुगवायचा आणि शेवटचा भाग फ्लायसकट पाण्यावर टेकवायचा. पहिल्याला डी-लूप म्हणतात, दुसऱ्याला अँकर. ओल्या लाइनला पाणी धरून ठेवतं. रॉड पुढे आला की डी-लूपचं वजन आणि पाण्याची ही पकड मिळून त्याला वाकवतात. नवशिका सगळं लक्ष पुढच्या फटक्यावर देतो, पण बहुतेक कास्ट त्याच्या आधीच बिघडलेली असते.

पकड किती हवी, हाच कळीचा प्रश्न. फार लाइन पाण्यात राहिली तर रॉडची ताकद ती सोडवण्यातच खर्च होते. फारच थोडी टेकली तर अँकर सुटतो, फ्लाय मागे उडते आणि आसुडासारखा कडाका ऐकू येतो. पोतराजाच्या आसुडात जे घडतं तेच इथेही घडतं. दोरीतला बाक टोकाकडे सरकत जातो, हलणारा भाग कमी कमी होतो, आणि उरलेली ऊर्जा तेवढ्याशा वस्तुमानात एकवटते. पुढच्या फेकीत हाच गुण कामाला येतो. पुढे जाताना लाइनला जो वळसा पडतो तो लूप. त्याची खालची बाजू स्थिर आणि वरची पुढे धावणारी असेल तर लूप स्वतः वरच्या बाजूच्या निम्म्या वेगाने सरकतो. हवेच्या अडथळ्यात बरीच ऊर्जा जाते, तरी शेवटच्या निमुळत्या भागाला उलगडण्यापुरती उरते.

अँकर पडतो कुठे आणि कसा, हेही तितकंच महत्त्वाचं. तो साधारण रॉडभर अंतरावर, बाजूला आणि किंचित पुढे, फेकीच्या दिशेला समांतर हवा. समांतर असला की लाइन जवळच्या टोकापासून सुटत जाते. आडवा पडला तर ती पाण्यातून फरफटते. डी-लूपही लक्ष्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला फुगायला हवा, नाहीतर जोर एकीकडे आणि लाइन दुसरीकडे.

सुधारणा करायची तर सुरुवात उचलण्यापासून करावी. रॉडचं टोक पाण्याजवळ, लाइन ताठ, आणि मग सावकाश वर. हिसका दिला की पाणी उसळतं आणि लाइनमध्ये ढिलेपणा येतो. त्यानंतर रॉड बाजूने मागे नेताना टोक मध्येच खाली झुकू द्यायचं नाही, किंचित चढतं ठेवायचं. टोक झुकलं की नको तेवढी लाइन पाण्यावर पसरते. हा दोष इतका सर्रास दिसतो की शिकवणाऱ्याने आधी तोच शोधावा. अँकर टेकला की फार थांबायचं नाही. आधार नसलेली वस्तू अर्ध्या सेकंदात सव्वा मीटर खाली येते. डी-लूप तितक्या वेगाने पडत नाही, पण कोसळतो नक्की.

मग खालचा हात. बहुतेकांचा वरचाच हात ढकलत राहतो, त्यामुळे रॉडच्या टोकाचा मार्ग कमानदार होतो आणि लूप रुंद. १४ फुटी रॉडवर दोन हातांत अर्धा मीटर अंतर धरा. वरचा हात टेकू मानला, तर त्याच्या पुढे सुमारे पावणेचार मीटर रॉड उरतो. म्हणजे खालचा हात १० सेंटिमीटर पोटाकडे ओढला की टोक, वाक सोडून दिला तर, पाऊण मीटर सरकतं. साडेसात पट! रॉड स्प्रिंगसारखा लाइन भिरकावतो असं बरेच जण समजतात. स्प्रिंगचा वाटा असतो, पण मोठं काम या तरफेचंच. हळू सुरू करून वेग वाढवत न्यायचा आणि टोक उंच असतानाच थांबवायचं.

वारा मात्र बाजू ठरवतो. वारा प्रवाहाच्या दिशेने असेल तर अँकर प्रवाहाच्या खालच्या अंगाला ठेवणारी डबल स्पे ही फेक, उलटा असेल तर वरच्या अंगाची सिंगल स्पे. इथे हयगय करू नये, कारण चुकीच्या बाजूचा वारा गळ थेट चेहऱ्यावर आणतो.

एवढा खटाटोप कशाला? नदीत चढलेला अटलांटिक सॅमन अंडी घालायला आलेला असतो, खायला नव्हे. तो फ्लाय का पकडतो यावर वाद घालत लोक दिवसभर पाण्यात उभे राहतात. एक कास्ट, एक पाऊल खाली, पुन्हा कास्ट. खांद्याच्या जोरावर हे संध्याकाळपर्यंत चालत नाही.

सरावाला पाणीच लागतं, साधं तळंही चालेल. मैदानात अँकरला धरायला काही नसतं. त्यावर उपाय म्हणून काही जण लीडरला, म्हणजे लाइन आणि फ्लाय जोडणाऱ्या बारीक दोऱ्याला, गाठी मारून त्यांची टोकं मुद्दाम लांब सोडतात. ती गवतात अडकतात आणि पाण्याच्या पकडीचं काम थोडंफार भागवतात.