शेंद्रा, समृद्धी आणि ग्रँड टूरर: एका गाडीमागचा शंभर वर्षांचा रस्ता

1 जुलै 2025 पासून बेंटली गाड्यांची भारतातली आयात, विक्री आणि सर्व्हिस स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाकडे आली. छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडने निघालं की शेंद्रा एमआयडीसीत ज्यांचा कारखाना लागतो, तीच ही कंपनी. बेंटली मात्र शेंद्र्यात जोडली जात नाही. ती इंग्लंडमधल्या क्रू इथून तयार होऊनच येते. बेंटलीची कॉन्टिनेंटल जीटी ही ग्रँड टूरर चौथ्या पिढीच्या रूपात जून 2024 मध्ये जगासमोर आली. तिच्याबद्दल बोलताना ताकद आणि किंमत यांचीच चर्चा होते. खरं तर ग्रँड टूररचा इतिहास रस्त्याचा आणि उष्णतेचा आहे. त्या बाजूने पाहिलं तर मराठवाड्याचा या विषयाशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे.

ग्रँड टूरर म्हणजे साधारणपणे दोन दारं, पुढे इंजिन, पुढे दोन ऐसपैस आणि मागे दोन जेमतेम सीट, दोघांचं चार दिवसांचं सामान मावेल अशी डिकी. स्पोर्ट्स कारची परीक्षा वळणावर होते, तर ग्रँड टूररची सलग चार तासांच्या प्रवासात. ताशी 200 किलोमीटर वेग पाच मिनिटं गाठणं आणि ताशी 120 चा वेग चार तास टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामात इंजिन ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), टायर आणि ड्रायव्हर या चौघांनाही विसावा मिळत नाही.

असा सलग वेग शक्य व्हायला आधी तसा रस्ता लागतो. 1924 मध्ये इटलीत मिलानहून सरोवरांच्या भागाकडे जाणारा, फक्त मोटारींसाठी राखलेला टोलचा रस्ता सुरू झाला. 1929 साली आलेल्या अल्फा रोमिओ 6सी 1750 च्या एका प्रकाराला ‘ग्रान टुरिझ्मो’ हे नाव मिळालं. पण आज आपण ज्याला जीटी, म्हणजे ग्रँड टूरर, म्हणतो त्याचा साचा पाडला तो 1951 च्या लान्चिया ऑरेलिया बी20 ने. इंजिन फक्त दोन लिटरचं, पण व्ही6, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या सहा सिलिंडरचं, आणि व्ही6 इंजिन नियमित उत्पादनात आणणारी पहिली गाडी ऑरेलियाच होती. क्लच आणि गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलजवळ नेल्यामुळे वजन पुढे-मागे नीट वाटलं गेलं आणि लांबच्या प्रवासात स्टिअरिंग जड लागेनासं झालं. त्याच वर्षीच्या मिल्ले मिल्या शर्यतीत ही गाडी दुसरी आली. पुढे होती ती दुप्पट मोठ्या, 4.1 लिटर इंजिनाची फेरारी. मोठं इंजिन म्हणजेच जीटी हा समज तिथेच खोटा ठरला होता.

1952 ची बेंटली आर-टाइप कॉन्टिनेंटल ही आजच्या कॉन्टिनेंटल जीटीची खरी पूर्वज. चार जणांना बसवून ताशी 190 किलोमीटरच्या आसपास जाणारी ही गाडी एकूण 208 इतकीच बनली. तिची रचना ठरली ती इंजिनापेक्षा टायरमुळे. त्या काळचे टायर जड गाडीचा भार घेऊन इतका वेग फार वेळ सहन करू शकत नव्हते, ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा थर) सुटायचा. म्हणून बॉडी ॲल्युमिनियमची केली, खिडक्यांच्या चौकटी आणि सीटही हलक्या केल्या आणि वजन 1,700 किलोच्या आसपास आणलं. टायरचा हा मुद्दा पुढे समृद्धी महामार्गावर पुन्हा येणार आहे.

दुसरं उदाहरण ॲस्टन मार्टिन डीबी4 चं. गाडी आली 1958 साली, आणि नोव्हेंबर 1959 मध्ये इंग्लंडचा एम1 मोटरवे खुला झाला. तेव्हा त्यावर वेगमर्यादा नव्हती. लोक तासन् तास गाडी दामटू लागले आणि इंजिनांच्या बेअरिंग जाऊ लागल्या. कारण सरळ होतं. ॲल्युमिनियमचा ब्लॉक तापून फुगायचा, बेअरिंगची फट वाढायची, आधीच पातळ झालेलं गरम ऑइल त्या फटीतून निसटायचं आणि दाब पडायचा. 1960 च्या सुधारित मालिकेत ऑइल पंप आणि ऑइल सम्प (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) दोन्ही मोठे करावे लागले. जुन्या रस्त्यावर ही खोट दिसलीच नसती, कारण दर दहा मिनिटांनी गाव लागायचं आणि इंजिन आपोआप थंड व्हायचं.

आता मराठवाड्याकडे येऊ. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. निजामाची 1912 ची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट प्रसिद्ध आहे. मागे उंच सिंहासनासारखं आसन असलेली ही गाडी मिरवणुकीसाठी होती, ती फार थोडी चालली. सामान्य माणसाच्या वाट्याला मोटार आली ती बसच्या रूपात. निजाम स्टेट रेल्वेने 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली.

रस्ते मागे राहिले त्यामागे सरकारी अनास्था होतीच, पण मातीही होती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. रस्त्याच्या मध्यभागापेक्षा कडेला ओलावा जास्त बदलतो, म्हणून डांबर आधी कडेने तुटतं. मग मधोमध चांगली पट्टी आणि दोन्ही बाजूंना कोर, हे चित्र गंगाखेडपासून गेवराईपर्यंत कुठेही दिसतं. उपाय माहीत आहे: काळी माती उपसून मुरूम भरायचा किंवा तिच्यात चुना मिसळून ती स्थिर करायची, आणि पाण्याला बाजूने वाट काढून द्यायची. यातलं काहीही वाचवलं की तिसऱ्या पावसाळ्यात कळतं.

रस्त्याआधी कारखाने आले. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणारे लघुउद्योजक उभे राहिले. 2001 पासून शेंद्र्यात स्कोडा ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली, 2007 पासून ऑडी ए6. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या खरेदीदारांनी गट करून एकाच दिवशी 150 मर्सिडीज-बेंझ गाड्या घेतल्या. व्यवहार 65 कोटींच्या आसपासचा होता. कित्येकांनी याची गणना हौसेत केली. आमच्या मते ती पक्की व्यापारी बुद्धी होती. एकत्र मागणी केल्यामुळे कंपनीकडून भाव आणि बँकेकडून व्याजदर दोन्ही पदरात पडले. त्यात ग्रँड टूरर मात्र नव्हत्या, कारण त्या चालवायला रस्ताच नव्हता.

शेंद्र्यात आलिशान गाडी जोडता येते, मग ग्रँड टूरर का नाही? उत्तर जकातीत आणि संख्येत आहे. सुट्या भागांवर जकात कमी आणि तयार गाडीवर जास्त, हे धोरण जुनं आहे. 2011 च्या अर्थसंकल्पाने त्यात आणखी बारकावा आणला. इंजिन किंवा गिअरबॉक्स बाहेरूनच जोडून आला तर सवलतीचा दर मिळेना. म्हणजे सवलत हवी तर कामही इथेच जास्त करावं लागतं. त्यासाठी प्रत्येक मॉडेलचे वेगळे जिग (जोडणी करताना भाग जागेवर धरणारे साचे), वेगळी हत्यारं, कामगारांचं प्रशिक्षण आणि चाचणीची सोय लागते. वर्षाला हजारो सेडान खपत असतील तर हा खर्च निघतो, मोजक्या ग्रँड टूररवर तो निघत नाही. ऑडीने 2021 मध्ये ई-ट्रॉन जीटी भारतात आणली तीही तयार आयात करूनच.

याचा हिशेब असा. गाडीची आयात किंमत 100 रुपये धरली आणि ती 40,000 डॉलरच्या वरची असेल, तर मूळ जकात 70 टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर 40 टक्के मिळून 110 रुपये चढतात. झाले 210. त्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 84. शंभराची गाडी 294 वर जाते, आणि डीलरचा नफा, आरटीओचा कर, विमा अजून बाकीच असतो. 24 जुलै 2025 रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात ठरावीक कोट्यापुरती ही जकात टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. क्रूमधून येणाऱ्या गाडीसाठी हा फरक मोठा आहे.

रस्ता आला तो 11 डिसेंबर 2022 रोजी. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा त्या दिवशी खुला झाला, आणि 5 जून 2025 ला सगळा 701 किलोमीटर पूर्ण झाला. जालना आणि संभाजीनगर थेट त्यावर. सपाट भागात मोटारींना ताशी 120 ची मर्यादा. एम1 वर जे झालं तेच इथे झालं: इतर रस्त्यांवर कधी न दिसलेल्या खोटी उघड्या पडल्या. टायर फुटून अपघात होऊ लागले आणि परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासावे लागले.

दोष काँक्रीटला दिला जातो, पण फिकट रंगामुळे काँक्रीट डांबरापेक्षा कमीच तापतं. टायर तापतो तो आतून. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, जास्त दबते आणि त्या वाकण्यातून उष्णता तयार होते. लहान गाडीचा 165/80 आर14 टायर (165 मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के, रिम 14 इंची) ताशी 120 ला मिनिटात हजारावर फेरे घेतो. जुन्या रस्त्यावर खड्डा, गाव, गतिरोधक यांमुळे त्याला उसंत मिळायची, इथे दोन-दोन तास मिळत नाही. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात ‘हवा फुगते’ म्हणून मुद्दाम चार पॉइंट कमी भरायची सवय आहे, ती घातक आहे. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की दाब साधारण 1 पीएसआय (हवा भरतानाचा एक पॉइंट) वाढतो, हे कंपनीने दाराच्या चौकटीवरचा आकडा ठरवताना धरलेलंच असतं. हवा सकाळी, गाडी तीन तास उभी असताना तपासावी. वाटेत गरम टायरमधली हवा सोडू नये. नायट्रोजन हळू गळतो इतकाच त्याचा फायदा, फुगतो तोही जवळपास तेवढाच. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: 1819 म्हणजे 2019 चा अठरावा आठवडा. असा टायर, नक्षी कितीही शाबूत असली तरी, समृद्धीवर नेऊ नये.

ग्रँड टूररच्या टायरचं दुखणं उलट आहे. कॉन्टिनेंटल जीटीला पुढे 275/35 आणि मागे 315/30, दोन्ही 22 इंची. महामार्गावर हा टायर उत्तम, कारण वेगाचं रेटिंग आणि भार दोन्ही भरपूर. पण साइडवॉल पुढे 96 आणि मागे 95 मिलिमीटरच्या आसपास, तर वरच्या लहान गाडीची 132. गाडीचं वजन जवळपास अडीच टन, 1952 च्या पूर्वजापेक्षा पाऊण टनाने जास्त. इंटरचेंजवरून उतरून तालुक्याच्या रस्त्याला लागलं आणि कोरेवरून चाक खड्ड्यात गेलं, की साइडवॉल रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चेपते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा दिसतो. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायरच बदलावा लागतो. अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, आणि सोबतचं सीलंट ट्रेडमधल्या खिळ्याच्या छिद्रापुरतंच चालतं. गतिरोधकांचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच हवा. गावोगावचे अरुंद, उभट उंचवटे त्यात बसत नाहीत, तिथे एअर सस्पेन्शन वर करूनच जावं लागतं.

नव्या पिढीत बारा सिलिंडरचं इंजिन गेलं, त्याचं उत्पादन जुलै 2024 मध्ये थांबलं. आता 4 लिटर व्ही8 (आठ सिलिंडरचं इंजिन) आणि विजेची मोटर मिळून 782 पीएसपर्यंत (अश्वशक्ती) ताकद. 25.9 किलोवॉट-तासाची बॅटरी मागच्या ॲक्सलमागे ठेवल्याने वजन पुढे-मागे जवळपास समान वाटलं गेलं. ऑरेलियाने गिअरबॉक्स मागे नेऊन जे साधलं, तेच इथे बॅटरीने. बदल्यात डिकी 260 लिटरची उरली. नुसत्या विजेवर कंपनी 81 किलोमीटर सांगते, म्हणजे संभाजीनगरहून जालना गाठेल, परतीला पेट्रोल लागेल. घरच्या 16 अँपिअरच्या प्लगवर रिकामी बॅटरी भरायला आठेक तास धरावेत. आधी अर्थिंग तपासून घ्यावं, ते कच्चं असेल तर चार्जर मध्येच बंद पडतो.

कूलंटच्या बाबतीत मराठवाड्यात एक पथ्य पाळलंच पाहिजे, गाडी दोन कोटींची असो की सहा लाखांची. पातळी कमी दिसली म्हणून बोअरचं पाणी ओतू नये. इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. गरम ॲल्युमिनियमवर त्यांचा थर बसतो, रेडिएटरच्या बारीक नळ्या अरुंद होतात, आणि शहरात ठीक वाटणारी गाडी समृद्धीवर तासाभराने काटा चढवते. डिकीत कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं तयार मिश्रण ठेवावं. तेही नसेल तर बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर तात्पुरतं चालतं, पण मुक्कामी पोचल्यावर प्रमाण तपासून घ्यावं लागतं.