बारा दिसली, तीन उरली: आयव्हीएफच्या एका सायकलचा हिशेब

आयव्हीएफ म्हणजे स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात ठेवणं; त्याच्या एका फेरीला सायकल म्हणतात. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी होते आणि डॉक्टर सांगतात, दोन्ही बाजूंची मिळून बारा फॉलिकल्स दिसताहेत. नवरा-बायको तो आकडा मनात जपून घरी येतात. पुढच्या तीन आठवड्यांत तो घटत जातो आणि दर वेळी घरात एकच प्रश्न उठतो: आपलं काय चुकलं? इंजेक्शनं सहन होतात, पैशांची तजवीजही लोक कशीबशी करतात. खचवते ती ही गळती. म्हणून पहिल्याच भेटीत ती कागदावर मांडून दाखवायला हवी, असं मला वाटतं.

फॉलिकल म्हणजे अंडाशयातली द्रवाने भरलेली बारीक पिशवी. तिच्या आतलं स्त्रीबीज जेमतेम एक दशांश मिलिमीटरचं असतं, त्यामुळे सोनोग्राफीत दिसते ती पिशवीच. दर महिन्याला अशा अनेक पिशव्या वाढीला लागतात. त्यांना पोसणारं एफएसएच हे संप्रेरक लवकरच कमी होतं, मग एकच तग धरते आणि बाकीच्या विरून जातात. रोजचं इंजेक्शन हे संप्रेरक कमी पडू देत नाही, म्हणून एकीऐवजी आठ-दहा वाढतात. ‘एवढी बीजं एकदम काढली तर पाळी लवकर जाईल’ ही भीती त्यामुळेच निराधार आहे. ही बीजं त्या महिन्यात वाया जाणारच होती.

पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन मात्र या इंजेक्शनांशिवाय जन्मली, २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला. रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी तिच्या आईचं त्या महिन्याचं एकुलतं एक बीज मिळवलं होतं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून जगातली दुसरी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्यांनी संप्रेरकं देऊन अनेक बीजं वाढवली होती आणि भ्रूण गोठवून नंतर गर्भाशयात ठेवला होता. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९८१मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आज जगभर जी सायकल चालते ती त्यांच्या पद्धतीच्या अधिक जवळची आहे. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूला यश आलं ते ६ ऑगस्ट १९८६ रोजी.

इंजेक्शनं साधारण आठ ते बारा दिवस चालतात. सुई बारीक, पोटाच्या कातडीखाली घ्यायची. बऱ्याचजणी स्वतःच टोचून घेतात. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. बीज वेळेआधी सुटू नये म्हणून मधूनच आणखी एक इंजेक्शन सुरू होतं. पोट फुगणं, चिडचिड होणं हे चालायचंच. पण वजन एक-दोन दिवसांत भराभर वाढलं, दम लागला, लघवी कमी झाली तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात फोन करावा. अंडाशय गरजेपेक्षा जास्त उत्तेजित झाल्याची ती लक्षणं असतात, आणि पीसीओएस (अंडाशयांत बारीक फॉलिकल्स जास्त असणं आणि पाळी अनियमित होणं असा विकार) असलेल्या स्त्रियांना हा धोका अधिक.

मोठी फॉलिकल्स १७-१८ मिलिमीटरच्या पुढे गेली की ‘ट्रिगर’, म्हणजे बीज शेवटचं पिकवणारं इंजेक्शन, मिळतो. या इंजेक्शनाची वेळ मात्र घड्याळ लावून पाळायची. बीज पूर्ण पिकायला सुमारे ३६ तास लागतात, त्याहून फार उशीर झाला तर ते आपोआप सुटून हातचं जातं. सोमवारी रात्री दहाला ट्रिगर, तर बुधवारी सकाळी पिकअप, म्हणजे बीजं बाहेर काढणं. थोडी भूल देतात, योनीमार्गातून सोनोग्राफीच्या आधाराने सुई आत जाते आणि एकेक फॉलिकल रिकामं केलं जातं. वीस-तीस मिनिटांचं काम, संध्याकाळपर्यंत घरी.

त्याच सकाळी नवऱ्याचा नमुना लागतो. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं, तरी आपल्याकडे तपासण्यांची फाइल बायकोच्याच नावाने जाड होत जाते. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तंबाखू, गुटखा सोडायचा तर पिकअपच्या आठवड्यात सोडून भागत नाही.

आता हिशेब. बारा फॉलिकल्समधून समजा दहा बीजं हाती आली. त्यातली आठ पक्व. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली सहा फलित झालेली दिसतात. तिसऱ्या दिवशी सहा-आठ पेशींचे भ्रूण, आणि पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे रुजायला तयार अशा पुढच्या अवस्थेपर्यंत, पोचतात ते तीनच. अशी सायकल चांगली मानली जाते. एका बीजात एकच शुक्राणू टोचण्याची इक्सी पद्धत १९९२पासून वापरात आली, तिने पुरुषदोषावर मोठा मार्ग निघाला. गळती मात्र थांबली नाही. तिचं मोठं कारण गुणसूत्रांतल्या चुका हे आहे, आणि त्या बीजाच्या वयाबरोबर वाढतात. चाळिशी ओलांडली की निम्म्याहून अधिक भ्रूणांत त्या सापडतात. नैसर्गिक गर्भधारणेतही हेच घडतं, फक्त तिथे मोजायला कोणी बसलेलं नसतं.

म्हणूनच हमरस्त्यावरच्या फलकांवर गुटगुटीत बाळाशेजारी छापलेली यशाची टक्केवारी मला खटकते. कशाचं यश? पॉझिटिव्ह चाचणीचं की घरी आलेल्या बाळाचं? सुरू केलेल्या प्रत्येक सायकलमागे की फक्त ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) झालेल्यांमागे? कोणत्या वयात, स्वतःच्या बीजाने की दात्याच्या? हे चारही प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारावेत. ‘जादा’ उपचारांबाबतही तसंच. गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा दिल्याने भ्रूण अधिक रुजतो असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१९मध्ये तेराशेहून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीत फायदा दिसला नाही.

ट्रान्सफरला बहुधा भूल लागत नाही. बारीक नळीतून भ्रूण आत सोडतात, पाच-दहा मिनिटांत उठता येतं. त्यानंतर घरोघरी नियमावली निघते: जिना चढू नको, हसू नको, पपई शिवू नको. सलग पडून राहिल्याने यश वाढत नाही, हे अभ्यासांतून पुरेसं दिसलं आहे. उठल्यावर भ्रूण खाली पडत नाही. अस्तर टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची औषधं वेळेवर घेणं मात्र चुकवू नये.

मग दहा ते चौदा दिवसांची वाट. या काळात गुपचूप घरी लघवीची चाचणी करण्याचा मोह होतो. ट्रिगरमध्ये बहुधा तेच एचसीजी (गर्भधारणेत वाढणारं संप्रेरक) असतं जे ती पट्टी शोधते, त्यामुळे ताज्या, म्हणजे त्याच सायकलमधल्या, ट्रान्सफरनंतर घाईने केलेली चाचणी खोटी आशा दाखवू शकते. रक्तातल्या बीटा एचसीजीवरच थांबावं. तो पॉझिटिव्ह आला तर दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, आकडा पुरेसा वाढला की नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके.

निगेटिव्ह आला आणि भ्रूण गोठवलेले असतील, तर पुढच्या वेळी इंजेक्शनांचा पहिला टप्पा आणि पिकअप दोन्ही टळतात. अस्तर तयार करून थेट ट्रान्सफर. भारताच्या २०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्यानुसार भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, आणि उपचारासाठी स्त्रीचं वय पन्नाशीच्या, पुरुषाचं पंचावन्नच्या आत असावं लागतं. भ्रूण उरले नसतील, तर पहिल्या सायकलचे आकडे मागून घ्यावेत: किती पक्व, किती फलित, कितव्या दिवशी थांबले. पुढचा डोस त्यावरूनच ठरतो, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तरी तोच कागद लागतो.