मैदानांचा कारभार: सल्ला कुणाचा, सही कुणाची

मुंबईतल्या सगळ्या बागा-मैदानांवर देखरेख ठेवणारं एकच एक सल्लागार मंडळ कधी नव्हतं, आजही नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांत आहे. झाडांसाठी वृक्ष प्राधिकरण, जुन्या वास्तू आणि परिसरांसाठी वारसा समिती, बागांच्या प्रस्तावांसाठी नगरसेवकांची बाजार व उद्यान समिती आणि विभागाच्या पातळीवर प्रभाग समित्या. जमीन कुणाची, यावरून त्यात आणखी फाटे फुटतात. शिवाजी पार्क महापालिकेचं, ओव्हल आणि आझाद मैदान सरकारी, मरीन ड्राइव्हवरचे जिमखाने सरकारी भाडेपट्ट्यावर. एखादं मैदान महापालिकेनं स्वतः राखायचं की कुणा संस्थेच्या हवाली करायचं, हा खरा कळीचा प्रश्न. त्यावर यातल्या एकाही समितीचा शब्द शेवटचा नसतो. गेल्या तीसेक वर्षांत मैदानांवरून जी भांडणं झाली, ती बहुतेक याच फटीतून निघाली.

जुना इतिहास थोडक्यात. राणीची बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. मलबार हिलच्या जलाशयावर १८८१ च्या सुमारास हँगिंग गार्डन झालं. १८९६ च्या प्लेगनं सरकारला खडबडून जागं केलं आणि १८९८ मध्ये शहराची नव्यानं आखणी करणारा सुधार ट्रस्ट आला. दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते आणि फाइव्ह गार्डन ही त्याच्याच योजनांची देण. माहीम पार्क १९२५ मध्ये तयार झालं आणि दोन वर्षांनी त्याचं शिवाजी पार्क झालं. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. रस्त्याची रुंदी आखतानाच बाग आखणारी यंत्रणा तिथे संपली आणि बागा एका खात्याच्या पदरात पडल्या. त्यातही १८८८ च्या महापालिका कायद्यात बागा-मैदानं ऐच्छिक कामांत मोडतात. पाणी, गटारं, कचरा ही कामं बंधनकारक. बाग जमलं तर करायची. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं नगरपालिकांच्या कामांत घातली, पण तिजोरीतला अग्रक्रम काही बदलला नाही.

विकास आराखड्यांचं प्रकरण मुंबईकरांना तोंडपाठ आहे, म्हणून त्यातली एकच गोष्ट सांगतो. आराखड्यात हिरवा रंग मारून जागा मैदानासाठी आरक्षित केली म्हणजे मैदान झालं, असं नसतं. जमीन खासगी मालकाची असते आणि महापालिकेला ती ताब्यात घ्यावी लागते. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार दहा वर्षांत ती घेतली नाही, तर मालक 'जमीन विकत घ्या' अशी खरेदी नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत पालिका हलली नाही की आरक्षण उडतं. ही नोटीस महापालिकेच्या सुधार समितीपुढे जाते. 'एवढे पैसे कुठून आणायचे' म्हणून प्रस्ताव फेटाळला गेला की त्या वस्तीतल्या पोरांचं मैदान कागदावरच संपलं. या नोटिशींच्या कामकाजावर वर्तमानपत्रांनी वेळोवेळी लिहिलं आहे, पण देखभालीच्या वादाला जेवढी प्रसिद्धी मिळाली तेवढी ह्याला कधी मिळाली नाही. कुंपण पडलेलं डोळ्यांना दिसतं. रद्द झालेलं आरक्षण दिसत नाही.

आता मुख्य वादाकडे. नव्वदच्या दशकात महापालिकेनं मोकळे भूखंड संस्थांना, रहिवाशांच्या मंडळांना, कंपन्यांना देखभालीसाठी द्यायला सुरुवात केली. दोन पद्धती होत्या आणि लोक अजून त्यांची सरमिसळ करतात. पहिली दत्तक. संस्थेनं बाग राखायची, माळी ठेवायचा, पाणी घालायचं, बदल्यात फार तर आपल्या नावाची पाटी लावायची. दुसरी काळजीवाहू, म्हणजे बोलीभाषेत केअरटेकर. इथे संस्थेला भूखंडाच्या काही भागावर बांधकाम करता येत होतं. क्लबहाऊस, व्यायामशाळा, तरणतलाव असं काही. उरलेली जागा लोकांसाठी खुली ठेवायची, असा करार. दत्तक दिलेली जागा पालिका उद्या परत मागू शकते. सिमेंट-विटांची इमारत उभी राहिल्यावर परत काय मागणार? करारात ताब्याचा शब्द नसला तरी इमारत हाच ताबा असतो. उपनगरांत असे क्लब उभे राहिले, त्यांतल्या काहींच्या कार्यकारिणीत कोण होतं ते त्या त्या भागात कुणालाही विचारा. फाटकावर 'सर्वांसाठी खुले' असा बोर्ड, आत सुरक्षारक्षकाच्या टेबलावर सही करायची वही आणि सभासदत्वाचा अर्ज, हे चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना धोरणातल्या कलमांचा खुलासा लागत नाही.

न्याय करायचा तर दुसरी बाजूही आहे. ओव्हल मैदान नव्वदच्या दशकात पार बकाल झालं होतं. रहिवाशांची संघटना उच्च न्यायालयात गेली, देखभाल स्वतःकडे घेतली आणि आज तिथे एकाच वेळी चालणारे क्रिकेटचे सामने पाहून कुणी ती जागा खासगी झाली असं म्हणणार नाही. दत्तक पद्धतीचे समर्थक नेहमी ह्याच मैदानाकडे बोट दाखवतात. फक्त ते एक सांगत नाहीत: तिथे कुणी क्लब बांधला नाही.

काळजीवाहू धोरणाला २००७ च्या सुमारास नागरिकांनी जोरात विरोध केला आणि तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. धोरण थांबलं, आधी दिलेले भूखंड मात्र होते तिथेच राहिले. मुदती संपल्या, काही वाढवल्या गेल्या, काही तशाच लोंबकळत राहिल्या.

मग आला जानेवारी २०१६. १३ तारखेला महापालिका सभागृहानं मोकळ्या जागांचं नवं धोरण विरोधकांचे आक्षेप बाजूला सारून मंजूर केलं. प्रशासनाची बाजू नेहमीची होती: शहरात हजाराहून अधिक मोकळ्या जागा, सगळ्या राखायला उद्यान खात्याकडे माणसं आणि पैसा पुरत नाही, म्हणून खासगी मदत हवी. आता हेही लक्षात घ्या की पुढच्याच महिन्यात मांडलेला पालिकेचा अर्थसंकल्प ३७ हजार कोटींच्या घरातला होता. देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेनं माळ्याच्या पगाराचं कारण पुढे करावं, हे नागरिक संघटनांना पटलं नाही आणि पटण्यासारखंही नव्हतं. त्यांचा रोख मुख्यतः जुन्या भूखंडांवर होता. दोनशेहून अधिक जागा आधीच संस्थांकडे होत्या. ज्यांनी इमारती बांधल्या, शुल्क लावलं, त्यांचं काय? ज्यांनी इमानदारीनं बाग राखली आणि ज्यांनी क्लब चालवला, त्यांना एकाच मापानं मोजणार का? या प्रश्नांची उत्तरं ठरावाच्या आधी मिळायला हवी होती.

आठवडाभर वर्तमानपत्रांतून गदारोळ चालला आणि मुख्यमंत्र्यांनी आयुक्तांना धोरण थांबवायला सांगितलं. इथली राजकीय बाजू अनेक वृत्तान्तांत एका ओळीत उरकली गेली, पण तीच महत्त्वाची आहे. मुख्यमंत्री एका पक्षाचे, महापौर मित्रपक्षाच्या. दोन्ही पक्ष राज्यातही एकत्र आणि पालिकेतही, आणि पालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये होती. मैदानं वाचवल्याचं श्रेय कुणी घ्यायचं, ही चढाओढ त्यात अर्थातच होती. तरीही स्थगितीनं काम केलं: दिलेले भूखंड परत घ्यायच्या नोटिसा निघाल्या, बहुतेक जागा टप्प्याटप्प्यानं पालिकेकडे आल्या आणि त्यांची देखभाल कंत्राटदारांकडे गेली. शेवटपर्यंत ज्या मूठभर जागा अडून राहिल्या, त्या प्रामुख्यानं इमारती असलेल्या आणि वरपर्यंत हात असलेल्यांच्या. यात कुणाला नवल वाटलं नाही.

या सगळ्यात सल्लागार कुठे होते? बाजार व उद्यान समिती ही नगरसेवकांचीच. प्रभाग समित्यांवर कायद्यानं बिगरसरकारी संस्थांचे प्रतिनिधी नेमता येतात, पण मैदान कुणाला द्यायचं ते तिथे ठरत नाही. म्हणजे धोरण सभागृहात झालं, मोडलं मंत्रालयातून आणि मैदानालगतच्या इमारतीत राहणाऱ्याला बोलायची अधिकृत जागा एकच उरली, वर्तमानपत्राचा रकाना. १९९६-९७ च्या सुमारास सुरू झालेली गल्लीपातळीवरची एएलएम (अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) म्हणजे रहिवाशांची मंडळं खूप ठिकाणी बागेच्या दिव्यांपासून नळापर्यंत पाठपुरावा करतात, आणि चांगला करतात. पण त्यांच्या ठरावाला वजन किती, हे बव्हंशी त्या त्या विभागातल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं.

ज्या मंडळांना कायद्याचं बळ आहे, तिथेही गाडं नीट चालतं असं नाही. वृक्ष प्राधिकरण १९७५ च्या कायद्यानं आलं, अध्यक्ष महापालिका आयुक्त. नगरसेवकांबरोबर त्यावर झाडांतले जाणकार असावेत, ही अपेक्षा कित्येक वर्षं कागदावर राहिली आणि शेवटी उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं. जाणकार आले आणि लगेच २९ ऑगस्ट २०१९ ला आरे वसाहतीतल्या मेट्रो कारशेडचा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला. २,६४६ झाडं तोडण्याबाबत किंवा हलवण्याबाबतचा तो प्रस्ताव ८ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. त्यानंतर दोन तज्ज्ञ सदस्यांनी राजीनामे दिले. मतदानाच्या घाईगर्दीत आपला गोंधळ झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयात त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या गेल्या, त्याच रात्री करवती सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं ७ तारखेला थांबवेपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. तज्ज्ञ सदस्याचं मत एखाद्या मिनिटात, हात वर-खाली करण्याच्या गलक्यात मोजलं जात असेल, तर त्या खुर्चीचा उपयोग काय, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. आरे ही बाग नाही आणि मैदानही नाही, हे मान्य. पण शहरातल्या कुठल्याही उद्यानात झाड तोडायचं असेल तर कागद ह्याच टेबलावरून जातो.

शिवाजी पार्कची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे रहिवासी गप्प बसत नाहीत. २८ एकरांचं मैदान, कट्ट्यावर सकाळपासून माणसं आणि हिवाळा सरला की तांबडी धूळ. गॅलरीत वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढायचे तर आधी झटकावे लागतात. पालिकेनं विहिरी खोदल्या, पाणी मारलं, हिरवळ लावली. धूळ उडायची थांबली नाही आणि ही माती कशी काढायची यासाठी तज्ज्ञ संस्थांना विचारायची वेळ आली. आवाजाच्या बाबतीत मात्र रहिवाशांनी थेट न्यायालय गाठलं. २०१० मध्ये उच्च न्यायालयानं मैदान शांतता क्षेत्र ठरवलं आणि ६ डिसेंबर, १ मे, २६ जानेवारी असे मोजके दिवस वगळता सभांना आळा घातला. त्यावर राज्य सरकारनं जानेवारी २०१६ मध्येच आदेश काढून खेळाव्यतिरिक्तच्या कामांसाठी वर्षाला ४५ दिवस मोकळे केले. शहरातल्या मैदानांना संस्थांच्या विळख्यातून सोडवणारं सरकार आणि शिवाजी पार्क सभांना खुलं करणारं सरकार एकच, महिनाही तोच.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये पालिकेनं दत्तक धोरणाचा नवा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी मांडला. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली होती, प्रशासकाचा कारभार चालू होता, त्यामुळे ह्या वेळी ठराव मांडणारं आणि त्याला विरोध करणारं निवडून आलेलं कुणीच नव्हतं. नागरिकांचा राग जुनाच होता: भूखंड परत घेतले ते पुन्हा द्यायलाच का? मसुदा पालकमंत्र्यांच्या सांगण्यावरून थांबला. २००७, २०१६, २०२३, तिन्ही वेळा धोरण थांबवणारा हात महापालिकेच्या बाहेरचा. लोकांना तो आशीर्वाद वाटला आणि खरं तर होताही. पण मंत्री बदलला की हात बदलतो, म्हणून ह्याला व्यवस्था म्हणणं जरा जड जातं.

झोपडपट्टी पुनर्वसनाचा धागा याहून गुंतागुंतीचा. मैदानासाठी राखीव असलेल्या जागेवर वस्ती उभी असेल, तर ठरावीक आकाराच्या भूखंडात ६५ टक्क्यांपर्यंत जागेवर पुनर्वसन करून किमान ३५ टक्के मोकळी ठेवायची, ही विकास नियमावलीतली तरतूद उच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये काही निर्देशांसह वैध ठरवली. ती लढाई नागरिक संघटनांनी दोन दशकांहून अधिक लढवली होती. तिथे राहणाऱ्यांना घर हवं आणि आसपासच्या मुलांना मैदान. यातल्या एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला खलनायक ठरवणं सोपं आहे, म्हणून ते वारंवार होतं.

सध्या चर्चा आहे ती महालक्ष्मी रेसकोर्सची. २११ एकरांची जागा, त्यातला मोठा हिस्सा राज्य सरकारचा आणि उरलेला महापालिकेचा. १९१४ पासूनच्या भाडेपट्ट्याची मुदत २०१३ मध्ये संपली आणि पुढची दहा वर्षं ती नूतनीकरणावाचून पडून राहिली. २०२४ मध्ये १२० एकर महापालिकेकडे आणि ९१ एकर घोड्यांच्या शर्यतींकडे अशी वाटणी ठरली. त्या १२० एकरांना सागरी किनारा रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेची जोड देऊन मोठं मध्यवर्ती उद्यान करायची योजना आहे. त्या किनाऱ्यालगतच्या पट्ट्याची निगा खासगी उद्योगसमूहाकडे देण्याचं ठरलंय, म्हणजे दत्तक आणि काळजीवाहूचा जुना प्रश्न आता समुद्राकाठी येऊन उभा आहे. ही वाटणी होण्याआधी मतदानही झालं होतं, पण ते शर्यतीच्या क्लबच्या सभासदांचं. महापालिकेत तेव्हा मत द्यायला सभागृहच नव्हतं.