दिवसा झोपणारी लालसरी

जानेवारीत सकाळी नागपूरजवळच्या एखाद्या तलावाच्या पाळीवर उभं राहिलं, की पाण्याच्या मधोमध ठिपक्यांचा पुंजका दिसतो. दुर्बीण लावली की कळतं, ही बदकं आहेत. तांबूस डोकं, काळी छाती, राखी पाठ. छोटी लालसरी! चोच पाठीच्या पिसांत खुपसून सगळा थवा झोपलेला असतो. पाहणारे कंटाळून निघून जातात.

पाळीवर भेटलेले एक ढिवर काका मला म्हणाले, "रातच्याला जाळं टाकाले गेलो का हे पाखरं जागेच राह्यते." अगदी खरं. हिवाळ्यात लालसरी मुख्यतः रात्री चरते. त्यामुळे दिवसा नाव जवळ नेऊन थवा उठवला, तर तिची झोपच मोडते.

तिची बुडी बघण्यासारखी असते. आधी ती पिसं अंगाला आवळते, आतली हवा निघते आणि बुचासारखं तरंगणारं अंग जड होतं. मग एक छोटी उसळी, डोकं खाली आणि गडप! पाण्यात पंख मिटलेले, जोर सगळा पायांचा. मी आकडे मोजत बसतो. पंधराच्या आसपास पोचेपर्यंत ती भलतीकडेच वर येते. तळाशी तिला पाणवनस्पतींचे कोंब, बिया, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या मिळतात. पाय शरीराच्या बरेच मागे असल्यामुळे बुडी छान जमते. पण जमिनीवरची चाल फेंगडी होते, आणि उडायचं तर आधी पाण्यावरून धावावं लागतं.

थव्यात तांबड्या डोक्याचे नर किती आणि तपकिरी माद्या किती, हे वेगवेगळं मोजावं. युरोप आणि मध्य आशियातल्या विणीच्या जागी मादी अंड्यांवर बसलेली असतानाच नर निघून जातात. हिवाळ्यातही बरेच नर उत्तरेकडेच थांबतात, माद्या अधिक दक्षिणेला उतरतात. थोराड नर थंडी जास्त सोसतो, आणि वसंतात लवकर परतणाऱ्याला फायदा असतो, अशी कारणं दिली जातात.

एकेकाळी भरपूर असलेली ही बदकं इतकी घटली, की २०१५ साली आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या, धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत त्यांची नोंद 'असुरक्षित' अशी झाली. म्हणूनच जलपर्णीने झाकलेला तलाव पाहिला की जीव तुटतो. तिथे बुडी मारायला मोकळं पाणीच उरत नाही.

दिवस मावळला की पाळीवर थोडं थांबा. पिसांतून एक चोच निघते, मग दुसरी, आणि अंधारात पहिली बुडी ऐकू येते.