डेव्हलपर मुरतो म्हणजे नेमकं काय होतं?

ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुणाऱ्यांमध्ये दोन पंथ आहेत. एक पंथ प्रत्येक रोलला ताजा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवरचं चित्र उमटवणारं रासायनिक द्रावण, घेतो आणि काम झालं की ओतून देतो. दुसरा पंथ एकच बाटली महिनोन्महिने चालवतो. प्रत्येक रोलनंतर थोडं जुनं द्रावण फेकायचं आणि तेवढंच नवं भरायचं, एवढीच त्यांची रीत. ही दुसरी मंडळी मुरलेल्या डेव्हलपरविषयी बोलताना जरा भाविक होतात. करड्या छटा मऊ उतरतात, ग्रेन (चित्रातला चांदीच्या कणांचा रवाळपणा) बारीक दिसतो, वगैरे. त्यात अजिबात तथ्य नाही असं नव्हे. पण बाटलीत जे घडतं त्याचा हिशेब अगदी साधा आहे, आणि तो कळला की या पद्धतीचा खरा फायदा कुठे आहे तेही कळतं.

फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, सोबत किंचित आयोडाइड. ज्या स्फटिकावर पुरेसा प्रकाश पडला, त्यावर चांदीच्या मोजक्या अणूंचा ठिपका तयार झालेला असतो. तिथून सुरुवात करून डेव्हलपर अख्ख्या स्फटिकाची धातुरूप चांदी करतो. या कामात मेटॉल, हायड्रोक्विनोन यांसारखी विकासक द्रव्यं खर्ची पडतात. चांदीपासून सुटलेलं ब्रोमाइड द्रावणात उतरतं. शिवाय आम्ल तयार होतं आणि द्रावणाचा अल्कलीपणा थोडा घटतो. म्हणजे रोल धुऊन झाल्यावर हाती येणारं द्रावण हे मूळ द्रावणाची नुसती पातळ आवृत्ती नसतं, त्याची घडणच बदललेली असते.

यातलं ब्रोमाइड सर्वांत महत्त्वाचं. ते डेव्हलपरला लगाम घालतं. द्रावणात ब्रोमाइड असलं की प्रकाश न पडलेल्या स्फटिकांची चांदी होणं अवघड होतं, त्यामुळे निगेटिव्हवरचा फॉग, म्हणजे नको असलेली करडी झाक, कमी राहतो. हा लगाम गडद सावल्यांमधल्या अर्धवट उजळलेल्या स्फटिकांनाही बसतो, म्हणून फिल्मचा वेग (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) किंचित उतरतो. डी-७६ या १९२७ सालच्या प्रसिद्ध डेव्हलपरच्या सूत्रात ब्रोमाइड मुळीच नाही. ताज्या द्रावणात पहिला रोल लगामाविना धुतला जातो, दुसऱ्याला पहिल्याने सोडलेलं ब्रोमाइड भेटतं, तिसऱ्याला दोघांचं. एकाच बाटलीतून एकामागोमाग निघालेले सुरुवातीचे रोल एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

मग ब्रोमाइड वाढतच का जात नाही? तळाला भोक असलेल्या बादलीत नळ सोडला, तर पाणी चढतं तसा भोकावरचा दाब वाढतो आणि एका पातळीला आवक-जावक सारखी होते. इथेही तेच. कोडॅकच्या एक्सटॉल डेव्हलपरसाठी ३६ फोटोंच्या एका रोलमागे ७० मिलिलिटर ताजं द्रावण भरायला सांगतात. बाटली एक लिटरची असेल तर दर रोलमागे ७ टक्के द्रावण बदलतं, आणि त्याबरोबर साठलेल्या ब्रोमाइडचाही ७ टक्के हिस्सा बाहेर जातो. सगळं नीट मिसळलंय असं धरलं, तर ब्रोमाइड सुमारे १४ रोलांनी सोडलेल्या मात्रेवर येऊन थांबतं. पण तिथवर पोचायला वेळ लागतो. १० रोलांनंतर निम्म्याच्या जरा पुढे, २० नंतर सुमारे ७७ टक्के, ३० नंतर ८९ टक्के. फेकलं जाणारं द्रावण नुकतंच वापरलेलं असल्याने प्रत्यक्षात हे आकडे थोडे सरकतील, पण चाल हीच. दोन लिटरची बाटली घेतली की हाच प्रवास दुप्पट लांबतो.

पाच-सहा रोलांत डेव्हलपर मुरला, असं अनेक जण सांगतात. हिशेबाने तेव्हा जेमतेम तिसरा हिस्सा झालेला असतो. तरीही त्यांचं निरीक्षण चुकीचं म्हणता येत नाही, कारण ब्रोमाइडचा परिणाम त्याच्या मात्रेच्या प्रमाणात वाढत जात नाही. अगदी सुरुवातीच्या थोड्या ब्रोमाइडने सर्वांत मोठा फरक पडतो आणि पुढे तो पसरट होत जातो. घाई असेल तर उजेड लागलेली वाया गेलेली फिल्म धुऊन बाटली लवकर मुरवता येते.

भरण्याचं द्रावण दोन जातींचं असतं. एक्सटॉलमध्ये ताजा एक्सटॉलच भरतात, वेगळं काही लागत नाही. डी-७६ साठी मात्र स्वतंत्र रिप्लेनिशर असतो. मूळ सूत्रात लिटरला २ ग्रॅम मेटॉल, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि अल्कलीपणा देणारा बोरॅक्स २ ग्रॅम. रिप्लेनिशरमध्ये मेटॉल ३ आणि हायड्रोक्विनोन साडेसात ग्रॅम, म्हणजे दीडपट. सल्फाइट तेवढंच. बोरॅक्स मात्र २० ग्रॅम, थेट दहापट! आम्लाने खाल्लेला अल्कलीपणा रोलमागे जेमतेम ३० मिलिलिटरमध्ये भरून काढायचा, तर एवढं लागणारच. ब्रोमाइड अर्थातच शून्य, ते फिल्म पुरवते.

प्रत्यक्ष कृती पाच मिनिटांची आहे, फक्त क्रम मोडायचा नाही. बाटलीतून टँकपुरतं (टँक म्हणजे रीलवर गुंडाळलेली फिल्म धुण्याचा उजेडबंद डबा) द्रावण काढून रोल धुवायचा. आधी बाटलीत ताजं द्रावण मोजून ओतायचं, मग वापरलेलं द्रावण गळ्यापर्यंत भरायचं, उरेल ते फेकायचं. उलट केलं की बाटली आधीच भरते आणि ताज्याला जागा राहत नाही. बाटली काठोकाठ हवी, कारण वरच्या मोकळ्या जागेतली हवा डेव्हलपर खाते. टँक आणि रील कोरडे असावेत. रोल आधी पाण्यात भिजवण्याची सवय इथे सोडावी, नाहीतर दर वेळी थोडं पाणी बाटलीत शिरून सगळा हिशेब बिघडवतं. तळाशी काळपट गाळ दिसू लागला तर गाळण कागदातून गाळून घ्यावं. सल्फाइटमुळे थोडी चांदी द्रावणात विरघळते आणि नंतर खाली बसते, तिचा तो गाळ. मुरलेल्या द्रावणात विकासक द्रव्यंही ताज्यापेक्षा कमी पातळीवर स्थिरावतात, त्यामुळे धुण्याचा वेळ थोडा वाढवावा लागतो.

ठरलेली मात्रा सरासरी रोलसाठी असते, हे विसरू नये. बर्फ, आकाश, पांढऱ्या भिंती यांनी भरलेला रोल निगेटिव्हवर भरपूर चांदी करतो, द्रव्यं जास्त खातो आणि ब्रोमाइडही जास्त सोडतो. रात्रीच्या फोटोंचा रोल फारसं काही करत नाही. दहा-वीस रोलांत याची फिट्टंफाट होते.

माझ्या मते मुरलेल्या डेव्हलपरचं खरं देणं म्हणजे सातत्य. ग्रेन आणि छटांतला फरक इतका बारीक असतो, की तो शोधायला बसावं लागतं. आणि सातत्य मिळतं ते नेमाने रोल धुणाऱ्यालाच. दोन महिन्यांतून एक रोल निघत असेल, तर द्रावण फिल्मपेक्षा हवेनेच जास्त बदलतं. डी-७६ मध्ये तर हवेमुळे होणाऱ्या क्रियेत अल्कली तयार होते आणि नुसतं ठेवून ठेवून द्रावण अधिक तेज होतं. अशांनी सरळ पहिल्या पंथात जावं.

एक्सटॉलवाल्यांना आणखी एक जपावं लागतं. त्यातलं विकासक द्रव्य ॲस्कॉर्बिक आम्लाच्या कुळातलं आहे. ते बिघडलं तरी रंगावरून कळेलच असं नाही, आणि द्रावण अचानक मान टाकतं. त्यामुळे प्रत्येक रोलच्या आधी फिल्मच्या सुरुवातीचा उजेड लागलेला तुकडा कापून उजेडातच थोड्या डेव्हलपरमध्ये बुडवायचा. काही मिनिटांत तो काळाकुट्ट झाला तर रोल टँकमध्ये भरायचा. फिकट करडाच राहिला तर बाटली रिकामी करून ताजं द्रावण बनवायचं.