मोठी निगेटिव्ह: आधी नाइलाज, मग निवड

एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकाराने अवजड कॅमेरा हौसेने उचलला नव्हता. तेव्हाच्या छपाईच्या कागदाला कडक ऊन लागे. निगेटिव्ह, म्हणजे काळं-पांढरं उलटं उमटलेली काच, कागदावर दाबून उन्हात ठेवायची. जेवढी निगेटिव्ह, तेवढाच फोटो. मोठं चित्र हवं तर काच मोठी आणि काच मोठी तर कॅमेराही मोठा.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी कोलोडियन या चिकट द्रवाची ओली प्लेट आणली. काचेवर रसायन ओतायचं, ओल आहे तोवर फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत डेव्हलप करायचा, म्हणजे रसायनाने चित्र उमटवायचं. त्यामुळे अंधाराचा तंबू कायम सोबत. छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये १८ बाय २२ इंची काचा खेचरांवर लादून अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यात नेल्या. १८६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्या खोऱ्याला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यात या फोटोंचाही वाटा मानला जातो. इकडे मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्याच काळात फोटो काढत होते.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कृती मांडली आणि पुढे तंबू गेला. मग कमी उजेडात चालणारा ब्रोमाइड कागद, छोट्या निगेटिव्हवरून मोठा फोटो छापणारा एन्लार्जर, १९२५ मध्ये खिशात मावणारा लायका कॅमेरा. नाइलाज संपला, तरी काही जणांनी मोठी फिल्म सोडली नाही.

कारण म्हणून सगळे आकार सांगतात, आणि ते खरंच आहे: ४ बाय ५ इंची फिल्म छोट्या कॅमेऱ्यातल्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीच्या सुमारे १५ पट. पण मला त्याहून मोलाची वाटते ती मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याची हालचाल. लेन्स आणि फिल्म वेगवेगळ्या कलवता येतात. लेन्स वर सरकवली की उंच इमारत मागे झुकल्यासारखी दिसत नाही. ती कलवली की पायाजवळच्या दगडापासून डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. या भूमितीला ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइमफ्लुग यांचं नाव आहे.

अडचणीही आकारातूनच येतात. ४ बाय ५ साठी नेहमीची लेन्स १५० मिमीची, तिची स्पष्टतेची खोली कमी, म्हणजे जवळचं आणि लांबचं एकदम स्पष्ट येत नाही. म्हणून लेन्सचं छिद्र एफ/२२, एफ/३२ पर्यंत (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) बारीक करायचं, मग एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर प्रकाश पाडायचा वेळ, लांबतं आणि वाऱ्याने पान हललं की फोटो गेला. कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर चित्र उलटं दिसतं. फिल्म पूर्ण अंधारात, कडेच्या खाचा बोटांनी चाचपून होल्डरमध्ये, म्हणजे फिल्मच्या चपट्या डबीत, भरायची. होल्डरच्या एका बाजूला एकच फोटो.

त्याची किंमत अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांच्या १९४१ च्या हर्नांडेझ गावच्या चंद्रोदयाच्या फोटोत दिसते. गावातल्या क्रॉसवरचा प्रकाश मावळत होता, प्रकाश मोजायचा लाइट मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती, त्यावरून मनात हिशोब करून त्यांनी ८ बाय १० च्या फिल्मवर एक फोटो घेतला. दुसऱ्यासाठी होल्डर पलटेपर्यंत ऊन गेलं होतं.

आज फिल्म महाग आहे, म्हणून सरावाला बरेच जण वैद्यकीय एक्स-रे फिल्म वापरतात. ती स्वस्त पडते आणि लाल दिव्यात डेव्हलप करता येते. मात्र बहुतेक एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन, म्हणजे चित्र उमटणारा थर, असतं आणि ते पटकन ओरखडतं. ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवली तर ते बरंच टळतं.